‘लिटरली’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीच्या शिकवण्या घेताना आणि लोकांची भाषांतरं तपासताना माझ्याकडे या एका क्रियाविशेषणावर जितके प्रश्न येतात, तितके बाकीच्या दहांवर मिळून येत नाहीत. (हे ‘दहा’ शब्दशः घेऊ नका, पाहा प्रश्न ११.) पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं नागरीतच लिहिली आहेत, मोठ्याने वाचली की लगेच कळतात.

१. ‘लिटरली’चा मूळ, साधा अर्थ काय?

शब्द जे सांगतात तेच आणि तेवढंच. अलंकार नाही, अतिशयोक्ती नाही. लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. लेटर, लिटरेचर, लिटरेट ही सगळी त्याच घरातली भावंडं. ऑब्लिटरेटसुद्धा, म्हणजे अक्षरं पुसून नामशेष करणं. (आपलं ‘अक्षर’ मात्र ‘न क्षरणारं’, कधीही नाश न पावणारं. एकाच वस्तूकडे दोन संस्कृतींनी किती उलट बाजूंनी पाहिलं!) मध्ययुगीन युरोपात बायबलचा अर्थ चार पातळ्यांवर लावत. त्यातली पहिली पातळी ‘लिटरल’: कथेत लिहिलंय ते जसंच्या तसं. रूपकाचा, नीतीचा आणि परलोकाचा अर्थ त्यानंतर. ‘लिटरल’ हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत रुळला तो याच चर्चेतून.

या मूळ अर्थाचं आजचं रोजचं उदाहरण: ‘फिलॉसफी लिटरली मीन्स लव्ह ऑफ विज्डम.’ फिलॉसफी या शब्दाची फोड केली तर हाती येतं ते ज्ञानावरचं प्रेम.

२. मराठीत याला नेमका शब्द कोणता? अक्षरशः, शब्दशः की खरोखर?

तिन्ही, पण वेगवेगळ्या ठिकाणी. आणि सगळ्या गोंधळाची किल्ली इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘अक्षरशः’ हा तर ‘लिटरली’चा जुळा भाऊ. अक्षराला ‘शः’ प्रत्यय लागला: अक्षर न् अक्षर घेऊन. क्रमशः, शतशः याच साच्यातले. आता मराठीत आपण हा शब्द कुठे वापरतो ते आठवा. ‘सभागृहात अक्षरशः मुंगी शिरायला जागा नव्हती.’ ‘टोमॅटो अक्षरशः मातीमोल भावाने विकला.’ ‘या पोराने अक्षरशः जीव खाल्ला.’ मुंगीला जागा होती, टोमॅटोला मातीपेक्षा दोन पैसे जास्तच मिळाले आणि जीव शाबूत आहे. तरी या वाक्यांवर कुणी वाचक संपादकाला पत्र लिहीत नाही. ‘भाकीत अक्षरशः खरं ठरलं’, ‘गुरूंची आज्ञा अक्षरशः पाळली’ अशा वाक्यांत जुना, काटेकोर अर्थही टिकून आहे. पण रोजच्या मराठीत ‘अक्षरशः’ आला की बहुधा तो जोर देण्यासाठीच येतो.

काटेकोर काम आपण ‘शब्दशः’कडे सोपवलं आहे. शब्दशः भाषांतर, शब्दशः अर्थ, ‘माझं बोलणं शब्दशः घेऊ नकोस’. ‘शब्दशः जीव खाल्ला’ असं कुणीच म्हणत नाही. एकाने अर्थ सांभाळायचा, दुसऱ्याने भावना, अशी आपल्याकडे वाटणी झाली. इंग्रजीत मात्र दोन्ही कामं एकट्या ‘लिटरली’च्या गळ्यात पडली आहेत, आणि भांडण आहे ते तिथे.

‘खरोखर’ कधी चालतं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. स्पेलिंग आणि उच्चार?

एल-आय-टी-ई-आर-ए-एल-एल-वाय. टी एकच, शेवटी एल दोन. लॅटिन शब्दात टी दोन होते, म्हणून इंग्रजीतही दोन घालण्याचा मोह होतो, तो टाळा. ब्रिटिश बोलण्यात मधला स्वर अनेकदा गळतो, ‘लिट्रली’ ऐकू येतं. अमेरिकन तोंडी ट मऊ पडून आपल्या ‘ड’च्या जवळ जातो. आपण ‘लिटरली’ म्हटलं तर दोघांनाही कळतं.

४. ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारा माणूस समोर धडधाकट उभा असतो. मग हे चूक नाही का?

शाळेत मराठी व्याकरणाच्या तासाला तीन शब्दशक्ती शिकवल्या होत्या: अभिधा (शब्दाचा सरळ, मूळ अर्थ), लक्षणा (मूळ अर्थ बसत नाही तेव्हा घेतलेला जवळचा अर्थ), व्यंजना (सुचवलेला अर्थ). ‘बाबा ताटावर बसले’ हे लक्षणेचं पेटंट उदाहरण. ते ऐकून कुणी ‘ताट मोडलं का?’ असं विचारत नाही. मूळ अर्थ तिथे बसतच नाही, म्हणून मन आपसूक ‘जेवायला बसले’ या अर्थाकडे सरकतं. मूळ अर्थ अडतो, या अडण्याला शास्त्रात ‘मुख्यार्थबाध’ म्हणतात. संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गौळवाडा. वाहत्या पाण्यावर गोठे बांधता येत नाहीत, म्हणून आपण तो गंगेच्या काठावर आहे असं समजतो.

‘लिटरली’चं पहिलं काम या सरकण्याला आडवं येण्याचं: थांबा, लक्षणेकडे जाऊ नका, अभिधेवरच राहा. ‘बाबा लिटरली ताटावर बसले’ असं कुणी सांगितलं, तर मात्र ताटाची चौकशी करायलाच हवी.

दुसरं काम वेगळं. ‘आय लिटरली डाइड’मध्ये मुख्यार्थबाध इतका ढळढळीत आहे की एकही श्रोता फसत नाही. शब्दाला सूचना द्यायला काही उरत नाही, तेव्हा तो फक्त जोर देतो. यात व्याकरणाची चूक नाही, फसवणूकही नाही. चूक असलीच तर प्रसंगाची (पाहा प्रश्न ८).

खरी अडचण येते मुख्यार्थबाध नसलेल्या वाक्यात. ‘द बॉस लिटरली थ्रू हिम आउट ऑफ द केबिन.’ साहेबांनी कॉलर धरून बाहेर काढलं, की चढ्या आवाजात ‘चालते व्हा’ म्हटलं? दोन्ही शक्य आहे, आणि इथे ‘लिटरली’ने अर्थ स्पष्ट होण्याऐवजी धूसर झाला. माझी कसोटी एवढीच आहे: वाक्यातली गोष्ट खरी घडू शकते का? घडू शकत नसेल, तर बोलताना खुशाल जोर द्या. घडू शकत असेल, तर हा शब्द फक्त ती घडली असेल तेव्हाच वापरा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी या कसोटीकडे परत येणार आहे.

५. हे सगळं इन्स्टाग्रामच्या पिढीने बिघडवलं ना?

नाही. जोरासाठीचा हा वापर अडीचशे वर्षांहून जुना आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या अर्थाचा दाखला १७६९ चा आहे, फ्रान्सिस ब्रूक यांच्या ‘द हिस्टरी ऑफ एमिली मॉन्टेग्यू’ या पत्रात्मक कादंबरीतला. क्वेबेकमध्ये राहून आलेल्या या इंग्रज बाईंची कादंबरी कॅनडाची पहिली कादंबरी मानली जाते. त्यात एक पाहुणा येताच सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात जाऊन पडतो, आणि हे ‘लिटरली’ कमळांमध्ये चरण्यासारखंच आहे, असं पत्रात म्हटलं आहे. कमळं म्हणजे बायबलमधल्या प्रेमगीतातली लिलीची फुलं. अर्थात तिथे ना फुलं होती, ना कुणी चरत होतं.

मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरने (१८७६) मित्रांकडून कुंपण रंगवून घेतलं आणि बदल्यात गोट्या, पतंग असल्या चिजा गोळा केल्या, तेव्हा लेखक म्हणतो की तो ‘लिटरली’ संपत्तीत लोळत होता. जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मधल्या (१९१४) शेवटच्या कथेचं पहिलंच वाक्य घ्या: घरकाम करणाऱ्या लिलीचे पाय ‘लिटरली’ मोडून आले होते. ते वाक्य निवेदकाचं असलं तरी आतला आवाज लिलीचा आहे, अशी समीक्षकांची उकल आहे, आणि मला ती पटते. एखादी मोलकरीण दमून सांगेल तसाच शब्द तिथे पडला आहे.

तेव्हा हल्लीच्या पोरांनी केलं ते इतकंच, की मीठ चिमटीने घालायचं ते मुठीने घातलं.

६. डिक्शनरीने ‘लिटरली’चा अर्थ बदलून ‘फिगरेटिव्हली’ केला, असं वाचलं. खरं आहे?

अर्धवट खरं. ऑगस्ट २०१३ मध्ये गूगलच्या व्याख्येत ‘खरं नसलं तरी जोर देण्यासाठी’ अशा आशयाचा दुसरा अर्थ लोकांना दिसला आणि गदारोळ झाला. ऑक्सफर्डने ही नोंद २०११ मध्येच सुधारली होती, पण दोन वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. मुळात तीही पहिली वेळ नव्हती. १९०९ च्या वेबस्टर कोशात या अतिशयोक्त वापराची नोंद सापडते.

आणि अर्थ ‘फिगरेटिव्हली’ असा झालेला नाही. बदलून पाहा: ‘आय फिगरेटिव्हली डाइड’, म्हणजे ‘मी लाक्षणिक अर्थाने मेले’. यातला सगळा जीवच गेला. वापरणाऱ्याला ‘हे रूपक आहे हं’ असं सांगायचं नसतं. उलट रूपक खऱ्याइतकं खरं वाटावं अशी त्याची खटपट असते. म्हणून ‘लिटरली’ स्वतःच्याच विरुद्ध अर्थाचा शब्द झाला, हे वाक्य ऐकायला चटकदार असलं तरी अचूक नाही.

७. मग आक्षेप घेणाऱ्यांचं काहीच चुकत नाही… की सगळंच चुकतं?

हा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी अगदी असाच, टिंबांसकट पाठवला होता. आक्षेपही जुना आहे. १९०३ साली ऑक्सफर्ड कोशाच्या ‘एल’च्या भागात या वापरावर ‘अयोग्य’ असा शेरा होता. १९०९ मध्ये अमेरिकन लेखक अँब्रोझ बिअर्स यांनी टोला हाणला: अतिशयोक्ती करणं वाईटच, पण ती खरी आहे म्हणून ग्वाही देणं असह्य.

वाक्य झणझणीत आहे. पण या न्यायाने ‘अक्षरशः’ही गेला, आणि नव्या सुनेला ‘साक्षात लक्ष्मी’ म्हणणाऱ्या सगळ्या आत्याबाईही गुन्हेगार ठरल्या. ‘साक्षात’ म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. कमळावर उभी असलेली देवी त्या दिवशी उंबरठा ओलांडून आलेली नसते.

तरी आक्षेपकांची एक गोष्ट मला मान्य आहे. ‘हे खरंच घडलं, मी वाढवून सांगत नाही’ असं एका शब्दात सांगण्याची सोय अतिवापराने बोथट होते. आपल्याकडे ‘शब्दशः’ राखीव आहे. इंग्रजी माणसाकडे तितकं सुटसुटीत दुसरं काही नाही, त्यामुळे त्याची चिडचिड समजते.

८. परीक्षेत, ऑफिसच्या ईमेलमध्ये, अर्जात वापरू का?

मूळ अर्थाने, जरूर. जोरासाठी, नको. परीक्षेच्या निबंधात, आयईएलटीएससारख्या चाचणीच्या लेखनात, नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम लिटरली पॅशनेट अबाउट सेल्स’ लिहिलं तर ते बोलीतलं, अघळपघळ वाटतं. शिवाय तिथे ‘लिटरली’ खोडला की वाक्याचं काहीच बिघडत नाही. ज्याच्या जाण्याने काही बिघडत नाही, असा शब्द अर्जात कशाला?

अगदीच सौम्य पर्याय हवा असेल तर ‘ऑलमोस्ट’, ‘व्हर्च्युअली’, ‘प्रॅक्टिकली’ आहेत. ‘द ऑफिस वॉज व्हर्च्युअली एम्प्टी’ म्हणजे ऑफिस जवळजवळ रिकामं होतं. पण करोनानंतर ‘व्हर्च्युअली’चा ‘ऑनलाइन’ असा अर्थ इतका पसरला आहे, की ‘द मीटिंग वॉज व्हर्च्युअली ओव्हर’वरही माणूस क्षणभर अडखळतो.

९. वाक्यात हा शब्द कुठे ठेवायचा?

ज्या शब्दावर भर द्यायचा त्याच्या लगेच आधी. ‘आय हॅड लिटरली वन रुपी लेफ्ट’ यात जोर एका रुपयावर आहे.

शेवटी ठेवला तर अर्थच फिरतो. ‘शी लिटरली ट्रान्सलेटेड द पोएम’: तिने चक्क कवितेचं भाषांतर करून टाकलं (आणि आम्ही नुसतं बघत बसलो). ‘शी ट्रान्सलेटेड द पोएम लिटरली’: तिने कवितेचं शब्दशः भाषांतर केलं, म्हणजे बहुधा कविता मेली. टेक, रीड, ट्रान्सलेट, इंटरप्रेट या क्रियापदांनंतर शेवटी आलेला ‘लिटरली’ पद्धत सांगतो, जोर देत नाही. ‘डोन्ट टेक इट लिटरली’ म्हणजे शब्दशः घेऊ नकोस.

१०. ‘नॉट’बरोबर आला की माझा गोंधळ होतो.

होणारच. हे दोन बघा. ‘ही डिडन्ट लिटरली हिट हिम’: तसं अंगाला हात लावून मारलं नाही, पण जे केलं ते मारण्यासारखंच होतं. ‘ही लिटरली डिडन्ट हिट हिम’: अहो, त्याने हातच लावला नाही, उगाच आळ घेऊ नका. पहिल्यात अर्धी कबुली आहे, दुसऱ्यात ठाम नकार. एवढासा शब्द नकाराच्या अलीकडून पलीकडे गेला आणि आरोपी सुटला.

‘आय लिटरली कान्ट’ हे तरुणांचं अर्धं तोडलेलं वाक्य. काय ‘कान्ट’ ते सांगायचंच नसतं. मराठीत ‘बाई गं, आता मात्र…’ एवढ्यावर सोडतो, तसं.

११. ‘लिटरली फाइव्ह मिनिट्स’ म्हणजे घड्याळाची पाच मिनिटं?

सांगणारा कोण, यावर आहे. आकड्याबरोबर ‘लिटरली’ दोन्ही दिशांना ओढतो. मोठ्या आकड्याबरोबर तो बहुधा फुगवतो: ‘लिटरली अ मिलियन टाइम्स’ सांगितलं, म्हणजे आठ-दहा वेळा. लहान आकड्याबरोबर तो आकसवतो: ‘लिटरली टू मिनिट्स’, म्हणजे फार वेळ नाही लागणार. आपलं ‘दोन मिनिटांत आलो’ ज्या घड्याळाने चालतं, त्याच घड्याळाने.

मात्र आकडा गोल नसेल तर शब्द एकदम प्रामाणिक होतो. ‘लिटरली सेव्हनटीन पीपल’ म्हणजे मोजून सतरा. सतरा हा अतिशयोक्तीचा आकडा नव्हेच.

१२. रिअली, ॲक्च्युअली, व्हेरी यांच्यात आणि ‘लिटरली’त फरक काय?

जात एकच: मुळात सगळेच ‘खरं’ सांगणारे. ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. आज तो फक्त ‘फार’. ‘रिअली’ म्हणजे वास्तवात. आज ‘रिअली टेस्टी’ म्हणजे खूप चविष्ट. सत्याची ग्वाही देणारे शब्द झिजत झिजत नुसता जोर देणारे होतात, ही इंग्रजीची जुनी खोड आहे. ‘लिटरली’ त्या वाटेवर अजून अर्ध्यात आहे, म्हणून टोचतो. ‘व्हेरी’ने वाट पार केली, आता त्यावर कुणी भांडत नाही.

‘ॲक्च्युअली’चं काम थोडं निराळं. तो समोरच्याची समजूत दुरुस्त करतो: ‘खरं तर’, ‘वास्तविक’. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘ॲक्च्युअली’ लावतो. ती खोकल्यासारखी सवय आहे, व्याकरण नाही.

१३. पोलीस, डॉक्टर, विमा: अशा ठिकाणी वापरला तर?

नका वापरू. प्रश्न ४ मधली कसोटी इथे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना ‘आय लिटरली कुडन्ट ब्रीद’ असा मेसेज केला, तर ते घाबरणं समजायचं की दमा? दोन्ही शक्य आहेत. ज्यांचा श्वास खरोखर अडकला त्यांनाही या शब्दाने मदत होत नाही, कारण तो दिवसभर खोटं ऐकून थकलेला आहे. किती मिनिटं, किती वाजता, पायऱ्या चढताना की झोपेत, एवढं लिहा.

तक्रारीतही तेच. ‘ही लिटरली अटॅक्ड मी’ यात शिवीगाळ आहे की मारहाण, हे कलम ठरवताना महत्त्वाचं. काय केलं, कशाने, कुठे लागलं, ते साध्या क्रियापदांत सांगा.

१४. लोक ‘क्वाइट लिटरली’ का म्हणतात? ‘क्वाइट’ने काय साधतं?

‘क्वाइट’ हा कानाला दिलेला चिमटा: आता मी गंमत करतोय, दोन्ही अर्थ ऐका. एखादी म्हण किंवा रूपक योगायोगाने खरंही असेल, तेव्हा हा जोड शब्द शोभतो. पाव भाजणाऱ्याबद्दल ‘ही अर्न्स हिज ब्रेड, क्वाइट लिटरली’. मराठीत याचं माझं आवडतं उदाहरण कांद्याचं आहे. भाव पडला की बातमी येते, ‘कांद्याने शेतकऱ्यांच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आणलं’. कांदा तसाही पाणी आणतोच. इथे कारण वेगळं. अभिधा आणि लक्षणा दोन्ही एका वाक्यात नांदतात, आणि ‘अक्षरशः’ दोघींच्या मधोमध बसलेला असतो.

वाईट गोष्ट अशी, की गंमत नसतानाही लोक ‘क्वाइट’ लावतात. तेव्हा तो नुसता लांबलेला ‘लिटरली’.

१५. माझी मुलगी दर वाक्यात ‘लिटरली’ म्हणते. तिला थांबवू का?

थांबवून थांबणार नाही. तिच्या गटात तो बहुधा ‘हो ना!’ किंवा ‘अगदी!’ या अर्थाने चालतो. एक म्हणते ‘काय बोअर लेक्चर होतं’, दुसरी म्हणते ‘लिटरली!’ यात अर्थ शोधू नका, ती मान डोलावणं आहे. तुमच्या पिढीत ‘भयंकर गोड’ मूल आणि ‘जाम भारी’ सिनेमा होताच. भयंकर गोड मुलाला पाहून कुणाला भय वाटत होतं?

एक करता येईल. मुलाखतीच्या किंवा निबंधाच्या आधी तिला प्रश्न ८ वाचायला द्या. जागा बदलली की भाषा बदलायची, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर जमतं.

१६. भाषांतर करताना इंग्रजीतला ‘लिटरली’ मराठीत कसा आणू?

आधी वाक्यात तो काय करतोय ते ओळखा. शब्दाचा मूळ अर्थ सांगत असेल तर ‘शब्दशः’ किंवा ‘मूळ अर्थ’: ‘कराओके’ या जपानी शब्दाचा शब्दशः अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’. घटना खरी घडली असं ठसवत असेल तर ‘खरोखरच’, ‘चक्क’, ‘प्रत्यक्ष’. ‘द बस लिटरली फ्लोटेड’, आणि बस पुरात खरंच तरंगली असेल, तर ‘बस चक्क तरंगली’. ‘चक्क’ला आश्चर्याची जी किनार आहे ती इंग्रजी शब्दाला नाही, पण इथे ती हवीच असते.

नुसता जोर असेल तर ‘अक्षरशः’ बेलाशक घाला, किंवा सरळ गाळा. ‘शी लिटरली लिट अप द रूम’ला ‘ती आली आणि खोली उजळून निघाली’ पुरे. मराठी रूपकाला कुबडी लागत नाही.

यंत्राने केलेल्या भाषांतरावर मात्र नजर ठेवा. ‘मी शब्दशः मेलो’ असलं वाक्य माझ्या टेबलावर एकदा नव्हे, अनेकदा आलं आहे. ‘शाब्दिक’ही चालत नाही. तो हिंदीच्या वाटेने येतो, आणि मराठीत त्याची ओळख ‘शाब्दिक चकमक’ अशी आहे.

१७. ‘लाइक’ आणि ‘लिटरली’ एकत्र? ‘इट वॉज लिटरली लाइक ॲन अव्हन.’

‘लाइक’ म्हणजे ‘सारखं’. तुलना आहे हे आधीच उघडपणे सांगितलं. मग ‘लिटरली’ कशावर उभा राहणार? मराठीत ‘जणू अक्षरशः’ म्हणून पाहा, जीभच अडखळते. आपण एक तर ‘जणू भट्टी’ म्हणतो, नाही तर ‘अक्षरशः भट्टी’. बोलण्यात इंग्रजी वाक्य खपतं. लिहिताना दोघांतला एक ठेवा.

१८. कायद्यात आणि प्रोग्रॅमिंगमध्ये ‘लिटरल’ येतो, तोही हाच?

हाच, आणि कडक शिस्तीचा. कायद्याचा अर्थ लावताना न्यायालयं ज्याला ‘लिटरल रूल’ म्हणतात, त्याचं म्हणणं असं: शब्द स्पष्ट असतील तर त्यांचा सरळ अर्थच घ्यायचा. त्याने अनर्थ होत असेल तरच दुसरे नियम पुढे येतात. म्हणजे तिथेही आधी अभिधा, मग गरज पडली तर पुढे. प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी लिहिलेली किंमत, समजा ४२ हा आकडा किंवा अवतरणातलं नाव, म्हणजे ‘लिटरल’. यंत्राला लक्षणा कळत नाही, त्यामुळे तिथे भांडण नाही.

१९. मराठी बोलताना ‘लिटरली’ घातला तर मराठी बिघडते का?

‘मी लिटरली रडले’ या वाक्याचा सांगाडा पूर्ण मराठी आहे. क्रियापद लिंगाप्रमाणे वळलं, शब्द मधे पाहुण्यासारखा बसला. कुणी कुणी तर त्याला ‘च’ही जोडतात: ‘लिटरलीच!’ हे मला मनापासून आवडतं. जोर देण्यासाठी आणलेल्या परक्या शब्दाचा जोर अपुरा पडला, म्हणून घरचा ‘च’ मदतीला धावला. बिघाड म्हणाल, तर एकच दिसतो: ‘अक्षरशः’, ‘चक्क’, ‘साक्षात’, ‘नुसता’, ‘अगदी’ यांच्या छटा वेगवेगळ्या असताना सगळीकडे एकच शब्द टेकवला जातो. ‘नुसता पाऊस’ आणि ‘चक्क पाऊस’ यांतला फरक ‘लिटरली पाऊस’मध्ये कुठे सापडणार?

२०. माझे सासरे प्रत्येक गोष्ट ‘लिटरली’ घेतात. त्यांच्याशी कसं बोलू?

हा प्रश्न माझ्या कक्षेबाहेरचा आहे, पण इतक्यांदा आला की ठेवला. अशा माणसाला इंग्रजीत ‘लिटरल-माइंडेड’ म्हणतात. त्यांच्यासमोर ‘पाच मिनिटांत चहा आणते’ म्हणू नका. ‘दूध तापत ठेवलंय’ म्हणा.